तुळसीच्या उजव्या पायाचं चाक

मी चाक बोलतोय. बैलगाडीचं नव्हे, मोटारीचंही नव्हे. बुटाच्या तळाला एका ओळीत चार बसवतात ना, त्या इनलाइन स्केटचं. हाताच्या पंजात मावेन एवढा मी, अंगाने रबरासारखा, रंगाने हिरवट. ऐसपैस बसून गोष्ट सांगणं मला जमत नाही. एका जागी राहिलो की मला कसंसंच होतं. तेव्हा बोलता बोलता घाई केली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात, साच्यात झाला. कढत रसायन ओतलं, थंड होऊ दिलं, बाहेर काढलं आणि कुणीतरी मला टेबलावर उभं करून टिचकी मारली. मी गडगडत गेलो तो थेट टेबलाखाली. ते माझं पहिलं धावणं. दुसऱ्याच मिनिटाला मला भावंडांबरोबर डब्यात बंद केलं, आणि तेव्हापासून डबा म्हटलं की माझं डोकं फिरतं.

माझ्या पोटाविषयी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं तिथंच अडणार आहे. माझ्या मधोमध आरपार भोक आहे. त्या भोकात दोन्ही बाजूंनी एकेक बेअरिंग बसवतात. बेअरिंग म्हणजे पोलादी कडी आणि तिच्या आत बारीक गोळ्या. त्या गोळ्या मोकळ्या फिरल्या तर मी चाक. नाहीतर नुसता रंगीत गोळा.

चेन्नईत टी. नगरच्या एका खेळाच्या दुकानात मी बरेच दिवस धूळ खात पडलो होतो. सगळीकडे साड्यांची आणि दागिन्यांची दुकानं, त्यात आमच्या दुकानाकडे कोण बघणार? बाहेर बसचे हॉर्न, रिक्षांची घरघर. जगातली सगळी चाकं फिरत होती आणि मी खोक्यात. एकदा राणोजी नावाचे गृहस्थ आले. अंदमानात पोर्ट ब्लेअरच्या बंदरात ते नोकरीला. मूळचं घराणं तंजावरचं मराठी, पण आजोबांच्या वेळेपासून बेटावर स्थायिक झालेलं. चेन्नईत बहिणीला भेटायला आले होते आणि मुलीसाठी स्केट शोधत होते. त्यांनी मला बोटाने फिरवलं आणि मी थांबेपर्यंत ते बघत राहिले. घ्या हो, घ्या, मी मनात म्हणत होतो. घेतलं त्यांनी.

मग जहाज. समुद्र डुलतोय, जहाज डुलतंय, आणि मी परत डब्यात. त्या प्रवासाबद्दल मला आणखी काही बोलायचं नाही.

तुळसी तेव्हा शाळेत होती. काटकुळी, गुडघ्यांवर खपल्या, केस कायम बांधायचे राहिलेले. तिने मला उजव्या पायात बसवलं, बुटाचे पट्टे आवळले आणि निघाली. मला वाटलं, आता काय, सुसाट! पण पोर्ट ब्लेअरचे रस्ते तुम्हाला माहीत नाहीत. एकतर चढ, नाहीतर उतार. उतार संपतो तिथे वळण, वळण संपतं तिथे समुद्र. रस्त्याला आडवी गटारं, त्यावरून टुणकन उडी मारायची. वर्षातले कितीतरी महिने पाऊस, कडेला शेवाळ. अशा ठिकाणी पोर आधी काय शिकली असेल? थांबायला. उजवा पाय मागे आडवा टाकायचा आणि चाकं घासत न्यायची. ती चाकं म्हणजे मी आणि माझे शेजारी. माझ्या एका बाजूचं कातडं तिने बेटावरच्या डांबराला वाहिलं.

बेटावरच्या प्रत्येक स्पर्धेत ती पहिली यायची. बेटावर दुसरी होतीच कोण, हा भाग वेगळा. पण तिच्या पायाला चैन नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. रात्री बूट काढून ठेवले तरी तिचे पाय पलंगावर हलत असायचे. आमचं जमलं ते त्यामुळेच. लांब, सपाट, न संपणारा रस्ता एकदा तरी मिळावा, एवढंच तिला हवं होतं. कॉलेज संपताच तिने वडिलांना सांगितलं की मला स्केटिंगच करायचंय, त्यावरच जगायचंय. राणोजी नाही म्हणाले नाहीत. चेन्नईला आत्याकडे राहा, एक वर्ष कर, असं म्हणाले. मात्र बंदराच्या ऑफिसात तिच्यासाठी एका जागेचं त्यांनी बोलून ठेवलं होतं. पुढच्या दिवाळीपर्यंत कुठे काही जमलं नाही, तर परत यायचं आणि ती नोकरी धरायची, असं दोघांचं ठरलं.

अशा रीतीने मी पुन्हा समुद्र ओलांडला.

आत्याचं नाव सईबाई. वेस्ट मांबलममध्ये स्टेशनामागे तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. घरात त्या आणि त्यांचे यजमान जनकोजी, विमा कंपनीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. सईबाईंनी तुळसीला पोटाशी धरलं आणि मला दाराबाहेर ठेवलं. पायात घालायची वस्तू ना, मग तिची जागा चपलांच्या फळीवर. कुणी काही म्हणो, त्यांचा नियम बदलायचा नाही. रोज सकाळी तुळसी बूट उचलून न्यायची आणि संध्याकाळी परत चपलांच्या शेजारी ठेवायची. सईबाई कधी आमच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. मुलीच्या जातीने रस्त्यावर अर्ध्या विजारीत पळावं, हे त्यांना मनातून पटलं नव्हतं. बोलायच्या मात्र नाहीत. जेवणात तूप जास्त वाढायच्या.

पेरुंगुडीत आयटी कंपन्यांच्या इमारतींच्या मधून एक रस्ता गोल फिरून परत येतो. ऑफिसं उघडण्याआधी गिरीधर सर तिथे मुलामुलींना शिकवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी तुळसीला पळायला लावलंच नाही. बूट हातात घेतला, माझी घासलेली बाजू अंगठ्याने चाचपली आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाले. तुळसीला तमिळ धड येत नव्हती. बेटावर सगळा कारभार हिंदीत. शेजारी उभ्या असलेल्या मुलीने तिला समजावलं.

"सर म्हणतात, ही मुलगी सारखी थांबते."

ती मुलगी म्हणजे श्रीरंजनी. तिथेच एका अपार्टमेंटमध्ये राहणारी, घर मूळ तंजावरचंच, आई सॉफ्टवेअरमध्ये. बोलणं तमिळ नाहीतर इंग्रजी. तुळसीची हिंदी तिला कळेना, तिची तमिळ तुळसीला कळेना. दोघींना सारखीच कच्ची येणारी एकच भाषा होती, ती म्हणजे आजी-आत्यांच्या तोंडची तंजावरी मराठी, ‘आहे’ला ‘अहे’ म्हणणारी. दोघी तीच बोलायला लागल्या. चुका झाल्या की एकमेकींना हसायच्या.

मग सुरू झालं थांबणं विसरायचं शिक्षण. मला तर स्वर्गच. सरांनी आमच्या जागा बदलल्या, उजवीकडची चाकं डावीकडे, आतली बाजू बाहेर, म्हणजे झीज सारखी होते. काही महिन्यांनी मी पुन्हा उजव्या पायात आलो. वळणावर वेग कमी करायचा नाही, उलट आत वाकायचं, उजवा पाय डाव्यावरून टाकायचा, इतकं वाकायचं की हात जमिनीला लागावा. तुळसी वळण आलं की ताठ व्हायची, पाय आपोआप मागे जायचा. श्रीरंजनी पुढे पळता पळता ओरडायची, "पुढं समुद्र नाही गं!" हळूहळू तुळसीच्या पायाला ते पटलं. मला कळायचं ना, सगळा भार माझ्याच कडेवर यायचा.

तमिळ पंचांगातला पुरट्टासी महिना लागला, नवरात्र आलं, आणि गिरीधर सरांनी बातमी आणली. बंगळूरमध्ये एक व्यावसायिक टीम निघत होती. परदेशातल्या लांबलांब रस्त्यांच्या शर्यतींत उतरणारी. पगार, राहणं, सामान सगळं टीमचं. चेन्नईत निवड-शर्यत होणार होती आणि मुलींमधून पहिल्या दोघींना घेणार होते. दिवस विजयादशमीचा, सकाळचा, जागा आमचाच पेरुंगुडीचा रस्ता. सुट्टीचा दिवस, रस्ते रिकामे, हा त्यांचा हिशेब. दिवाळी त्यानंतर थोड्याच दिवसांवर होती. तुळसीला दुसरी संधी नव्हती. तिने लगेच फोनवर वडिलांना सांगितलं.

आता विजयादशमीचा आदला दिवस म्हणजे आयुधपूजा. तमिळनाडूत त्या दिवशी ज्याचं पोट ज्या वस्तूवर, ती वस्तू धुऊन पुसून देवापुढे मांडतात. रिक्षावाल्याची रिक्षा, शिंप्याचं मशीन, मुलांची पुस्तकं. चंदन-कुंकू लावतात, आणि एकदा पूजेत ठेवलं की दुसऱ्या दिवशी परत पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सईबाईंच्या घरी हा नेम फार कडक.

त्या दुपारी तुळसी झोपली होती. सरांनीच विश्रांती घ्यायला सांगितलं होतं. दार उघडलं, सईबाई बाहेर आल्या, आणि चपलांच्या फळीवरून त्यांनी आम्हाला उचललं. मी चकित झालो. त्या आम्हाला दाराच्या आत घेऊन गेल्या, ते थेट न्हाणीघरात. बादलीभर पाणी, साबणाची पूड, काथ्या. प्रत्येक चाक त्यांनी जीव लावून घासलं, कोपऱ्याकोपऱ्यातून पाणी फिरवलं. मग गच्चीवर उन्हात ठेवलं. मग छान फिरावं म्हणून चमच्याने तिळाचं तेल बेअरिंगमध्ये सोडलं. आणि शेवटी चंदनाचं बोट. उजव्या पायात सगळ्यात पुढे मी, म्हणून मला बोट नाही, गोळाच मिळाला. वर कुंकू.

काय सांगू, मला आनंद व्हावा की रडावं तेच कळेना. ज्या बाईने वर्षभर आमच्याकडे पाहिलं नाही, तिने आम्हाला सरस्वतीच्या तसबिरीसमोर, जनकोजींच्या पुस्तकांच्या शेजारी ठेवलं होतं. भाचीचं पोट यावर आहे, हे तिने मान्य केलं होतं. आणि माझ्या पोटात मात्र पाणी, साबण, तेल आणि चंदन यांचा चिखल होत होता. गोळ्या एकेक करून अडकत होत्या. मला ओरडायचं होतं.

तुळसी उठून आली. आम्हाला पाहून तिचा चेहरा आधी फुलला आणि मग उतरला.

"अत्ते, हे तुम्ही पाण्याने धुतलंत?"

"धुतलं की. किती घाण होतं, कण्णू. देवापुढं तसंच ठेवायचं का? तेलही घातलं अहे, उद्या पळायचं म्हणून."

कण्णू म्हणजे तमिळमधलं लाडाचं ‘सोन्या’. तुळसीने हात पुढे केला. सईबाईंनी तो मध्येच धरला. पूजेत ठेवलेलं अहे, उद्याची पूजा झाल्यावर मी आपल्या हाताने देईन, असं म्हणाल्या. तुळसी तिथेच जमिनीवर बसली. ती चिडली असती तर बरं झालं असतं, पण तिला चिडताही येईना. ज्या कौतुकाची तिने वर्षभर वाट पाहिली होती, तेच असं अंगावर आलं होतं.

"अत्ते, आत पाणी गेलं. आज उघडून पुसलं नाही तर उद्या चाक फिरणार नाही. चाक फिरलं नाही तर मी परत बेटावर जाणार. मग सगळं संपलं."

पूजेच्या खोलीच्या दारात जनकोजी येऊन उभे राहिले होते. सईबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग तसबिरीकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पदराने पुसलं.

"मी तुज वाईट व्हावं म्हणून केलं नाही गं," त्या म्हणाल्या. "अभिषेक करायचा तर मूर्ती उचलून बाहेर नेत नाहीत. अहे तिथंच करतात. हेही अहे तिथंच कर. उठवू नको. मीही बसते."

आणि खरोखर आमचा अभिषेक झाला. खाली हार घातलेल्या स्कूटरमधून जनकोजींनी वाटीभर पेट्रोल काढून आणलं, आणि काढताना स्कूटरला नमस्कार केला. त्याआधी समई उचलून त्यांनी स्वयंपाकघराच्या पलीकडे नेऊन ठेवली, नाहीतर देवासकट सगळेच गेले असते. तुळसी एकेक बेअरिंग काढायची, पेट्रोलमध्ये खळखळवायची, सईबाई जुन्या सुती साडीच्या चिंध्यांनी पुसायच्या. चिंधी काळी झाली की त्यांचा चेहरा पडायचा. पण हात थांबवला नाही. पोरी-कडल्याच्या, म्हणजे चुरमुरे-डाळ्यांच्या, नैवेद्यालासुद्धा पेट्रोलचा वास लागला असणार.

बाकीची चाकं सुटली. माझी दोन्ही बेअरिंगं बाहेर निघाली, पण त्यांच्या गोळ्या सुटेनात. चंदनाचा सगळा गोळा आत जाऊन घट्ट बसला होता. दुकानं पूजेसाठी बंद. तुळसीने श्रीरंजनीला फोन केला. नवी मागितली नाही हो, फक्त काय झालं ते सांगितलं. संध्याकाळी श्रीरंजनी पेरुंगुडीहून स्वतः आली. तिच्या हातात दोन बेअरिंगं होती, तिच्या जुन्या स्केटमधली, स्वच्छ, चांगली पळालेली. तिने आपल्याच अंगठ्याने ती माझ्यात दाबून बसवली आणि मला फिरवलं. काय फिरलो म्हणता!

"उद्या मी तुला हरवणार," ती तुळसीला म्हणाली. "तेव्हा चाकाचं कारण सांगायचं नाही."

सईबाईंनी तिला सुंडल, म्हणजे नवरात्रातली हरभऱ्याची उसळ, खायला घातलं आणि जाताना डोक्यावर हात ठेवला.

विजयादशमीची सकाळ. सईबाईंनी अंधार असतानाच परत पूजा केली आणि ठरल्याप्रमाणे आम्हाला आपल्या हाताने तुळसीच्या पायाशी ठेवलं. आदल्या संध्याकाळी कंपन्यांच्या दारांपुढे दृष्ट काढायला कोहळे फोडले होते. कुंकू भरलेला पांढरा कोहळा रस्त्यावर आपटायचा, ही इथली रीत. बिया आणि गर सगळीकडे. पण गिरीधर सर सगळ्यांच्या आधी येऊन रस्ता झाडून धुऊन मोकळे झाले होते. चकाचक.

शिट्टी वाजली.

फेऱ्यांमागून फेऱ्या. पहिल्यांदा मुली घोळक्याने, मग घोळका ताणला गेला, मग तुटला. पुढे कोइमतूरची एक मुलगी, तिच्या मागे श्रीरंजनी, तिच्या मागे तुळसी. दोघींनाच घेणार होते. तुळसी तिसरी. माझ्या कडेला धग लागली होती. वळण आलं की वाकायची, उजवा पाय डाव्यावरून, मी रस्ता धरायचो आणि सुटायचो, धरायचो आणि सुटायचो. श्रीरंजनीची बेअरिंगं माझ्या पोटात गात होती. पण अंतर कमी होत नव्हतं. तुळसीचा श्वास ऐकून मला कळलं की तिलाही ते कळलंय.

शेवटच्या फेरीच्या आधी एक गोष्ट घडली. एका कंपनीच्या फाटकातून तिथला ड्रायव्हर बस बाहेर काढत होता. त्याची पूजा नुकतीच आटोपली होती. शर्यत चालू आहे म्हणून त्याने बस फाटकातच थांबवली, तेवढं त्याला सुचलं. पण मुहूर्त चुकायला नको म्हणून उतरून त्याने बसवरून कोहळा ओवाळला आणि नेमाप्रमाणे चाकापुढे रस्त्यावर फोडला. बरोबर वळणावर.

कोइमतूरची मुलगी बाहेरच्या बाजूने गेली, वाचली. श्रीरंजनी आतली, जवळची वाट धरून वाकली होती. तिचे दोन्ही पाय एकदम निघून गेले. ती आडवी पडली आणि रस्त्यावर घसरत फिरली, आणि आम्ही तिच्यावर आलो.

तुळसीचा उजवा पाय मागे गेला. मला जाणवलं. तोच जुना पाय, थांबायचा. माझी कड रस्त्याला लागलीसुद्धा. पण पुढच्याच क्षणी तिने पाय पुढे ओढला, गुडघे वाकवले आणि बेटावरच्या गटारावरून मारायची तशी उडी मारली. मी श्रीरंजनीच्या अंगावरून हवेत गेलो. खाली टेकलो तो कोरड्या रस्त्यावर. तुळसीने मागे पाहिलं नाही. खरं सांगतो, त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही. वेग होता, रस्ता होता आणि पुढे कुणी आडवं नव्हतं.

ती दुसरी आली.

लोक टाळ्या वाजवत होते. तुळसी फुटपाथवर बसली आणि बूट न काढताच तशीच बसून राहिली. श्रीरंजनीला गिरीधर सर रिक्षात घालून घेऊन गेले होते. तिचा घोटा मोडला होता. त्या दुपारी राणोजी फोनवर लहान मुलासारखे रडले. सईबाईंनी शेजारीपाजारी गोड वाटलं. तुळसी जेवायला बसली आणि पान तसंच ठेवून उठली. त्या रात्री आम्हाला दाराबाहेर नाही, तिच्या पलंगाशी जागा मिळाली, आणि तिचे पाय हलत नव्हते. ते स्थिर पाय मला बघवेनात.

टीमचं सामान आलं. नवे बूट, नवी चाकं, माझ्यापेक्षा मोठी आणि काळी कुळकुळीत. टीमच्याच चाकांवर पळायचं, असा नियम होता. तुळसीने मला काढलं आणि भावंडांबरोबर एका कापडी पिशवीत घातलं. अशी वेळ येणार हे मला माहीत होतं. ती जिंकली तर माझी गरज संपणार होती, आणि तरीही मी तिला जिंकावं म्हणून जिवाच्या आकांताने पळालो होतो. तिने मला टाकलं याचा राग आला. अजूनही थोडा आहे.

निघायच्या आदल्या दिवशी ती पिशवी घेऊन पेरुंगुडीला गेली. तोवर ती एकदाही गेली नव्हती. श्रीरंजनी बाल्कनीत पाय खुर्चीवर ठेवून बसली होती, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर. तिची आई चहा ठेवून आत गेली. दोघी खालच्या रस्त्याकडे बघत होत्या.

"तू उडी मारली ते बरोबर होतं," श्रीरंजनी म्हणाली. "मीपण मारली असती. पण तू मागं वळून बघितलं नाही."

"बघितलं असतं तर थांबले असते."

श्रीरंजनीने मान हलवली. राग होता की नाही, मला सांगता येणार नाही. तुळसीने पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली की यात तुझी बेअरिंगं अहेत, चाकंपण ठेव, अजून पळतील. मग ती उठली. दारापर्यंत गेली, आणि तिथे थांबून तिने मागे वळून पाहिलं. श्रीरंजनी रस्त्याकडे बघत होती.

तुळसी आता परदेशात पळते. तिच्या शर्यती श्रीरंजनीच्या फोनवर दिसतात. पन्नास जणींच्या घोळक्यात ती कुठेतरी मध्ये असते, कधी पुढे येते, कधी मागे पडते. रस्ते मात्र लांब आणि सपाट आहेत, तिला हवे होते तसे. श्रीरंजनी प्रत्येक शर्यत शेवटपर्यंत बघते आणि कुणाला काही सांगत नाही.

तिच्या आईचं म्हणणं आहे की आता पुरे, पुढचं शिक्षण बघ. प्लास्टर निघालं, घोटा जुळला, डॉक्टरांनी परवानगी दिली. एका सकाळी तिने पिशवी उघडली, मला आपल्या बुटात बसवलं, उजव्याच पायात, सगळ्यात पुढे. त्या दिवशी मला जे झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

पण आता ऐका माझं दुःख. ती रोज येते. सरळ रस्त्यावर पूर्वीसारखीच पळते, कधी कधी जास्तच. आणि त्या कंपनीच्या फाटकाशी वळण आलं की ताठ होते. वेग टाकते, उभ्या उभ्या वळते, म्हाताऱ्या माणसासारखी. सर लांब उभे राहून बघतात. पुढच्या निवडीला फार दिवस उरलेले नाहीत, आणि अशी वळली तर तिला कुणी घेणार नाही. तिला ते माहीत आहे. वळण गेल्यावर तिचा श्वास कसा येतो, ते मी खालून ऐकतो.

श्रीरंजनी, मी एवढासा आहे. तू पडणार नाहीस असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. पण मी तुझ्या अंगावरून एकदा गेलोय, आता तुझ्या पायाखाली आहे, आणि मला त्या वळणातून तुला घेऊन जायचंय. ते बघ, फाटक आलं. बस आत उभी आहे. रस्ता कोरडा आहे, मी आत्ताच त्याला टेकलोय. वाक, पोरी. मी धरतो.